‘इथे’चे ‘तिथे’ होताना : डिलाईल रोड, गिरणी कामगार आणि अप्रत्यक्ष कथनाचा इतिहास

१/
‘उद्या आपण इथे जमू,’ असे एक वक्ता डिलाईल रोडच्या नाक्यावर म्हणतो. हे वाक्य इंग्रजीत गेले आणि त्यावर शालेय व्याकरणाचा नियम चालवला, की त्याचा आशय असा होतो : ते दुसऱ्या दिवशी तिथे जमतील, असे त्याने सांगितले. ‘उद्या’चा ‘दुसरा दिवस’ झाला, ‘आपण’चे ‘ते’ झाले, ‘इथे’चे ‘तिथे’ झाले. इंग्रजी क्रियापदही ‘विल’ सोडून ‘वुड’ झाले. माहिती तीच राहिली. बोलणारा माणूस मात्र दूर गेला.

२/
हे वाक्य नमुन्याचे आहे. ज्या बदलाचा तो नमुना आहे, तो मात्र मुंबईच्या गिरणगावात खरोखर घडला आणि तोही पुन:पुन्हा. अर्जांत, चौकशी समित्यांत, न्यायालयांत आणि पोलिसांच्या दप्तरांत कामगारांचे मराठी बोलणे इंग्रजी कागदावर उतरले. शाळेत पाच गुणांसाठी केले जाणारे ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ तिथे माणसांच्या स्वातंत्र्याशी जोडलेले होते. त्या प्रवासाचा हा धागा.

३/
प्रथम स्थळ. डिलाईल रोड म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग. लोअर परळच्या या पट्ट्यात मथुरादास, अपोलो अशा गिरण्या होत्या आणि त्यांच्या भोवती कामगारांच्या चाळी. १९२० साली मुंबई सरकारने स्थापन केलेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे चाळी बांधल्या. त्याच बीडीडी चाळी. डिलाईल रोडवर त्यांच्या ३२ इमारती होत्या. एका इमारतीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. रत्नागिरी, सातारा या भागांतून आलेली माणसे इथे राहत आणि आपापल्या गावची मराठी बोलत.

४/
त्या मराठीत दुसऱ्याचे बोलणे सांगण्याची रीत इंग्रजीहून वेगळी आहे. ‘तो म्हणाला की, मी दमलो आहे’ हे वाक्य मराठीत निर्दोष आहे. ‘मी’ बदलत नाही, काळही मागे सरकत नाही. ‘येतो म्हणून सांगून गेला’ यातही गेलेल्या माणसाचा ‘येतो’ जसाच्या तसा आहे. इंग्रजीला इथे ‘ही सेड दॅट ही वॉज टायर्ड’ असे करावे लागते : पुरुष बदलतो, क्रियापद भूतकाळात जाते. मराठी सांगणारा मूळ बोलणाऱ्याला आपल्या वाक्यात बोलू देतो. इंग्रजी सांगणारा त्याला आपल्या जागेवरून पाहतो.

५/
मराठीला अप्रत्यक्ष कथन नाही, असा याचा अर्थ नव्हे. ‘आपण दमलो आहोत, असे त्याने सांगितले’ हे मराठीचे स्वतःचे अप्रत्यक्ष कथन आहे. यातील ‘आपण’ म्हणजे ज्याने सांगितले तोच. इंग्रजीच्या ‘ही सेड दॅट ही वॉज टायर्ड’ या वाक्यात दमलेला ‘तो’ म्हणजे बोलणारा की तिसराच कोणी, हे संदर्भावरून ठरवावे लागते. मराठीत तो संशय उरत नाही. लॅटिन भाषेतही या कामासाठी ‘से’ हे स्वतंत्र सर्वनाम होते. म्हणजे या एका बाबतीत मराठी लॅटिनच्या अधिक जवळ उभी आहे.

६/
मराठीकडे आणखी एक सूक्ष्म साधन आहे : ‘म्हणे’. ‘संप मिटला म्हणे’ या तीन शब्दांत बातमी आहे आणि ती ऐकीव असल्याची कबुलीही आहे. सांगणाऱ्याने जबाबदारी घेतलेली नाही, हे ऐकणाऱ्याला तत्काळ कळते. चाळीच्या गॅलरीतून गिरणीच्या फाटकापर्यंत पोहोचणाऱ्या बातम्यांना या एका शब्दाने वजन मिळे किंवा त्यांचे वजन कमी होई. इंग्रजीत हा अर्थ आणण्यासाठी निराळे उपवाक्य जोडावे लागते, आणि घाईच्या भाषांतरात असा शब्द सहज गळून पडू शकतो.

७/
बोलणाऱ्याचे शब्द जपण्याची काळजी मराठी गद्याच्या आरंभापासून दिसते. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रात चक्रधरांचे बोलणे बहुतांशी प्रत्यक्ष संवादातून येते. म्हाइंभटांनी ते ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना विचारून जमवले. एखाद्या प्रसंगाची आठवण दोघांची दोन प्रकारची असेल, तर वेगळी आठवण कोणाची, हेही नोंदवण्याची पद्धत त्या परंपरेत आहे. कोण बोलले, कोणी ऐकले आणि कोणी सांगितले या तीन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची शिस्त मराठीला अशी जुनी आहे.

८/
इंग्रजी शाळांतील प्रत्यक्ष-अप्रत्यक्षाचा सराव मात्र लॅटिन शिक्षणाच्या वळणाचा. युरोपातील विद्यार्थी सरळ भाषण घेऊन ते अप्रत्यक्ष रूपात लिहिण्याचा अभ्यास करीत. त्याचा नामांकित नमुना म्हणजे ज्युलियस सीझरचा गॉलच्या युद्धांवरील ग्रंथ. सीझर त्यात स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषात करतो आणि शत्रूंच्या सरदारांची भाषणे पुष्कळदा अप्रत्यक्ष कथनात देतो. बोलतात ते गॉल आणि जर्मन सरदार, पण शब्द निवडतो तो त्यांना जिंकणारा सेनापती. व्याकरणाच्या या पाठात राज्यकारभाराचाही एक धडा दडलेला होता.

९/
भारतात हा पाठ आला तो इंग्रजी शिक्षणाबरोबर. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि मॅट्रिकची परीक्षा इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचे ध्येय बनली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे. सी. नेस्फिल्ड यांची व्याकरणे देशभर वापरली जाऊ लागली. नेस्फिल्ड वायव्य प्रांतात शिक्षण खात्याचे अधिकारी होते. पुढे १९३० च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचे प्रसिद्ध पुस्तक आले. ते मुंबईच्याच के. अँड जे. कूपर या प्रकाशनसंस्थेने काढले. त्यातले पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काम केलेले गृहस्थ. ‘बो जेस्त’ ही साहसकथा लिहिणारे तेच.

१०/
गिरणीत राबणाऱ्याला ही पुस्तके दिवसा उघडणे शक्य नव्हते. त्याच्यासाठी रात्रशाळा होत्या. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्येच पुण्यात कामकरी आणि शेतकरी यांच्यासाठी रात्रशाळा काढली होती. मुंबईत नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि कामगार वस्त्यांत रात्रशाळा व वाचनालये चालवली. जोशी मूळचे शिक्षक. ज्या रस्त्याला पुढे त्यांचे नाव मिळाले, त्याच्या दोन्ही बाजूंना त्यांचे संभाव्य विद्यार्थी राहत होते.

११/
मराठी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला या पाठात अडचण कुठे येते, हे वरच्या तुलनेवरून कळते. काळ मागे नेणे हे तो पाठांतराने शिकतो, पण ‘मी’चे ‘तो’ करताना त्याचा हात अडखळतो, कारण त्याच्या भाषेत ‘मी’ला हलवण्याची गरजच नसते. त्याच्या या चुकीमागे मराठीचे तर्कशास्त्र असते. ते समजावून न देता नियम घोकून घेतला, की विद्यार्थ्याची अशी समजूत होते की इंग्रजीत फक्त शब्द बदलतात. प्रत्यक्षात बदलते ती पाहणाऱ्याची जागा.

१२/
ही जागा किती महत्त्वाची असते, हे कामगारांच्या पहिल्या अर्जांपासून दिसू लागते. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत आणि अपघात झाल्यास भरपाई अशा मागण्या ठरल्या. सुमारे ५,५०० कामगारांनी त्या निवेदनाला संमती दिली.

१३/
त्या काळच्या इंग्रजी अर्जांची एक ठरीव शैली होती. अर्जदार स्वतःला ‘आम्ही’ न म्हणता ‘आपले नम्र अर्जदार’ म्हणत आणि पुढे स्वतःविषयी तृतीय पुरुषात लिहीत. सरकारपुढे जाणाऱ्या माणसाने स्वतःचेच बोलणे आधी परके करून घ्यायचे, असा तो शिष्टाचार होता. लोखंडे ज्यांच्या सत्यशोधक चळवळीतले, त्या जोतीरावांनी याआधी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला दिलेले इंग्रजी निवेदन या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. त्यात जोतीराव स्वतःच्या अनुभवाचे दाखले प्रथम पुरुषात, स्वतःच्या अधिकाराने देतात.

१४/
२४ एप्रिल १८९० रोजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत कामगारांची प्रचंड सभा भरली. सुमारे दहा हजार लोक जमले आणि दोन कामगार स्त्रियांनीही तिथे भाषणे केली. त्याच वर्षी १० जूनला गिरणी मालकांच्या संघटनेने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. कामगारांनी स्वतःच्या तोंडाने बोलावे आणि त्या बोलण्याचा परिणाम व्हावा, याचे हे आरंभीचे मोठे उदाहरण. रविवारची सुट्टी ही या बोलण्याची मिळकत होती.

१५/
न्यायालयात मात्र बोलणे आणि लिहिणे यांच्यामध्ये कायद्याने एक गाळणी बसवली होती. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५९ असे सांगे की साक्षीदाराची साक्ष सामान्यतः प्रश्नोत्तरांच्या रूपात न घेता सलग निवेदनाच्या रूपात लिहावी. समजा, वकिलाने विचारले, ‘तू त्या रात्री फाटकाजवळ होतास ना?’ आणि साक्षीदार म्हणाला, ‘होय.’ कागदावर येते : ‘मी त्या रात्री फाटकाजवळ होतो.’ शब्द वकिलाचे, ‘मी’ साक्षीदाराचा. विचारलेला प्रश्न नाहीसा होतो आणि एका ‘होय’चे पूर्ण वाक्य बनते.

१६/
आरोपीच्या जबाबाबाबत हीच संहिता अधिक काटेकोर होती. कलम ३६४ प्रमाणे प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक उत्तर पूर्ण लिहायचे, आणि शक्य असेल तर ते आरोपीच्याच भाषेत. १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम ६० ची अट अशी की तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. ऐकलेल्या गोष्टीविषयी साक्ष द्यायची तर ज्याने स्वतः ऐकली त्यानेच द्यावी. थोडक्यात, कायदा करणाऱ्यांना ‘म्हणे’चा धोका पूर्ण ठाऊक होता. भाषांतराचा धोका टाळणे मात्र त्यांना साधले नाही.

१७/
जुलै १९०८. ‘केसरी’तील लेखांवरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे चालला. लेख मराठी होते, ज्यूरीतील सात युरोपीय आणि दोन पारशी सदस्यांपुढे आली ती त्यांची इंग्रजी भाषांतरे. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला. सरकारी भाषांतरकाराची त्यांनी शब्दाशब्दावर उलटतपासणी घेतली आणि आपले मूळ लेखन आणि पुढे ठेवलेले इंग्रजी एक नाही, हे दाखवण्याचा प्रयत्न केला. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले. सहा वर्षे हद्दपारीची शिक्षा झाली. त्याच्या निषेधार्थ गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला.

१८/
आठ वर्षांनी हाच प्रश्न बोललेल्या शब्दांबाबत उभा राहिला. १९१६ साली बेळगाव आणि अहमदनगर येथे टिळकांनी स्वराज्यावर मराठीत भाषणे केली. लघुलेखकांनी टिपलेल्या त्या भाषणांवरून त्यांच्याकडून चांगल्या वर्तनाची हमी म्हणून २० हजार रुपयांचा जातमुचलका आणि दोन जामीन मागण्यात आले. उच्च न्यायालयात महंमद अली जिना यांनी त्यांची बाजू मांडली. न्यायमूर्ती बॅचलर यांनी असे म्हटले की भाषणे सुटे शब्द किंवा उतारे काढून वाचू नयेत, त्यांचा एकंदर परिणाम पाहावा. नोव्हेंबर १९१६ मध्ये हमीचा आदेश रद्द झाला.

१९/
इथे व्याकरणाच्या पाठातील सर्वांत अवघड भाग समोर येतो : आज्ञार्थी वाक्य. ‘उद्या साच्यावर जाऊ नका,’ हे वाक्य इंग्रजी अप्रत्यक्ष कथनात नेताना ‘म्हणाला’ एवढे क्रियापद पुरत नाही. त्याने विनंती केली, सल्ला दिला, बजावले की हुकूम केला, हे लिहिणाऱ्याला ठरवावे लागते. मूळ वाक्यात यांपैकी एकही शब्द नाही. तो स्वरात होता, चेहऱ्यावर होता, समोरच्या गर्दीच्या प्रतिसादात होता. शाळेत चुकीचे क्रियापद लिहिले तर अर्धा गुण जातो. राजद्रोहाच्या खटल्यात ‘सल्ला दिला’ आणि ‘चिथावले’ यांच्यामध्ये तुरुंगाची वर्षे उभी असतात.

२०/
१९२८ मध्ये हा प्रश्न गिरणगावाच्या दारात आला. एप्रिल ते ऑक्टोबर असा सुमारे सहा महिने चाललेला गिरण्यांचा सार्वत्रिक संप. त्यात जवळजवळ दीड लाख कामगार होते. मे महिन्यात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. अध्यक्ष अर्जुन आळवे हे स्वतः गिरणी कामगार; सरचिटणीस श्रीपाद अमृत डांगे. गिरणगावातील मैदानांत आणि नाक्यांवर सभांमागून सभा झाल्या. भाषणे मराठीत. गर्दीत कामगार होते आणि वही-पेन्सिल घेतलेले पोलिसांचे लघुलेखकही होते.

२१/
२० मार्च १९२९ रोजी देशभरातून ३१ जणांना अटक करून मीरत येथे खटला सुरू झाला. मुंबईचे डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, घाटे यांच्याबरोबर आळवे आणि कासले हे गिरणी कामगारही आरोपी होते. सम्राटाचे भारतावरील सार्वभौमत्व हिरावून घेण्याचा कट, असा आरोप होता. पुराव्यांत संपकाळातील मराठी भाषणांची इंग्रजी भाषांतरे दाखल झाली. मुंबईपासून शेकडो मैलांवरच्या त्या शहरात मराठी ही लोकव्यवहाराची भाषा नव्हती आणि खटल्याला ज्यूरीही नव्हती. निकाल १६ जानेवारी १९३३ रोजी लागला. त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने अपिलात शिक्षा मोठ्या प्रमाणावर घटवल्या.

२२/
अशा भाषणांच्या भाषांतरात एक गोष्ट अटळपणे हरवते : ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेद. ‘आम्ही लढणार’ म्हणजे मंचावरचे लढणार; ‘आपण लढणार’ म्हणजे समोर बसलेलेही. इंग्रजीत दोन्हींसाठी ‘वी’ हा एकच शब्द आहे, आणि अप्रत्यक्ष कथनात त्याचेही ‘दे’ होते. वक्त्याने गर्दीला आपल्यात घेतले होते की केवळ आपल्या गटाचा निर्धार सांगितला होता, हे इंग्रजी कागदावरून ठरवता येत नाही. कटाचा आरोप असलेल्या खटल्यात ‘आपण म्हणजे कोण’ हाच तर कळीचा प्रश्न असतो.

२३/
त्याच वर्षांत डिलाईल रोडचा दुसरा एक आवाज वेगळ्या रीतीने जपला जात होता. ना. म. जोशी कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी म्हणून दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळात बसत. तिथली भाषणे शब्दशः, प्रथम पुरुषात छापली जात. म्हणून जोशी तिथे आजही ‘मी’ म्हणून बोलताना सापडतात. ही सोय खुद्द ब्रिटिश संसदेतही नवीच होती. तिथल्या भाषणांचा अहवाल कित्येक दशके ‘ते म्हणाले की’ अशा धाटणीने छापला जाई. प्रथम पुरुषी, जवळपास शब्दशः अधिकृत अहवाल १९०९ पासून नियमाने निघू लागला.

२४/
म्हणजे दोन वक्ते, दोन दप्तरे. इंग्रजीत, सभागृहात बोलणाऱ्याचा ‘मी’ सरकारने स्वतः छापला. मराठीत, रस्त्यावर बोलणाऱ्याचे शब्द सरकारने त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उतरवून घेतले. जोशींना हा फरक ठाऊक असावा असेच त्यांचे आयुष्य दिसते : एका बाजूला शाही कामगार आयोगाचे सदस्यत्व, दुसऱ्या बाजूला रात्रशाळा. या आयोगाने १९२९ ते १९३१ या काळात काम केले आणि त्याच्यासमोरच्या तोंडी साक्षी क्रमांक दिलेल्या प्रश्नोत्तरांच्या रूपात छापल्या गेल्या. प्रश्न कोणाचा आणि उत्तर कोणाचे, हे निदान तिथे वेगळे दिसते.

२५/
इतिहासाचा विरोधाभास असा की ज्या दप्तरांनी कामगारांना आरोपी केले, त्यांनीच त्यांचे बरेचसे बोलणे टिकवलेही. चाळीतल्या माणसाने रोजनिशी ठेवली नाही. पोलिसाने त्याच्या सभेची नोंद ठेवली. मुंबईच्या कामगारांचा इतिहास लिहिणाऱ्या राजनारायण चंदावरकर यांच्यासारख्या अभ्यासकांना सरकारी कागद आणि चौकशी समित्यांच्या साक्षी यांतूनच वाट काढावी लागली. असा कागद फेकून देता येत नाही आणि जसाच्या तसा स्वीकारताही येत नाही. तो अप्रत्यक्ष कथन म्हणून वाचावा लागतो.

२६/
१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखे राहिले नाही. गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. या उतरणीच्या काळात मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या मुलाखती घेतल्या. २००४ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले आणि पुढे ते मराठीतही आले. शंभर वर्षे ‘त्याने सांगितले की’ असा आलेला माणूस या पुस्तकात ‘मी’ म्हणून बोलतो.

२७/
तरी मौखिक इतिहासही निर्मळ प्रत्यक्ष कथन नव्हे. मुलाखत घेणारा प्रश्न निवडतो, उतरवणारा वाक्ये जुळवतो, भाषांतर करणारा शब्द ठरवतो आणि सांगणाऱ्याची आठवणही मधल्या वर्षांतून गाळून आलेली असते. फरक उद्देशाचा आहे. एका लेखणीला गुन्हा सिद्ध करायचा होता, दुसरीला आयुष्य समजून घ्यायचे होते. लीळाचरित्राच्या संकलनकारांनी पाळलेली शिस्त, म्हणजे आठवण कोणाची हे सांगणे, या नव्या कामालाही उपयोगी पडते.

२८/
इतिहासाच्या तरुण वाचकाला शाळेतला तो पाठ इथे हत्यारासारखा वापरता येतो. जुन्या कागदात ‘असे म्हटले की’ दिसले, की चार प्रश्न विचारावेत. मूळ बोलणे कोणत्या भाषेत होते? ‘म्हटले’च्या जागी लिहिणाऱ्याने कोणते क्रियापद निवडले आणि का? उत्तराआधीचा प्रश्न कुठे गेला? आणि ‘ते’ या शब्दाखाली ‘आम्ही’ आहे की ‘आपण’? या प्रश्नांनी मूळ वाक्य परत मिळेलच असे नाही, पण ते कोणत्या हातांतून आले हे समजते.

२९/
डिलाईल रोड आता कागदोपत्री ना. म. जोशी मार्ग आहे. लोअर परळ स्थानकाजवळचा पूल लोकांच्या तोंडी अजून डिलाईल पूलच आहे. बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू झाला आहे. परीक्षेत कधीकधी उलटा प्रश्नही येतो : अप्रत्यक्ष कथनाचे प्रत्यक्ष करा. ‘ते दुसऱ्या दिवशी तिथे जमतील, असे त्याने सांगितले.’ ‘दुसऱ्या दिवशी’चे ‘उद्या’ होईल, ‘तिथे’चे ‘इथे’ होईल. ‘ते’च्या जागी मात्र ‘आम्ही’ लिहायचे की ‘आपण’, हे कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाही. ते त्या दिवशी नाक्यावर उभ्या असलेल्यांना माहीत होते.